मेट्रनबाईंची मूठ

मेट्रनबाईंच्या तावडीतून रिकाम्या हाताने सुटलेला माणूस परळमध्ये अजून जन्माला यायचा होता. इस्पितळातून निवृत्त होऊन त्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर राहायला आल्या, आणि आठवडाभरात सगळ्यांना कळून चुकलं की या बाईंच्या कानावर पडेल असं खोकणं धोक्याचं आहे. खोकला एकाला, पण काढा घरातल्या पाचही जणांना. मूळच्या त्या नगरकडच्या, मराठी ख्रिस्ती. पांढरं पातळ, गळ्यात बारीकसा क्रूस आणि चार वॉर्ड ताब्यात ठेवलेला आवाज. "देवानं दिलेलं आपल्याच घरात ठेवणारा माणूस म्हणजे टपाल दाबून ठेवणारा पोस्टमन!" असं एका वाक्यात प्रवचन आटोपून त्या समोरच्याच्या हातात काहीतरी कोंबत. मी पडलो जन्माचा हात आखडता घेणारा. त्यांचं देणं नुसतं बघूनच मला दमायला व्हायचं.

रोज भाताला तांदूळ काढले की त्यातली एक मूठ चर्चच्या मंडळीतल्या गरजूंसाठी वेगळ्या डब्यात टाकायची, ही त्यांच्याकडची जुनी रीत. पण बाईंची मूठ अगदीच एवढीशी. "हे मापात पाप होतं," असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यावर त्यांनी उपाय काढला. शेजारच्या खोलीत एक मालवणी गिरणी कामगार राहायचा. तालमीत जायचा म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणत. त्याचे पंजे फावड्याएवढे. पाळीला निघाला की बाई त्याला हाक मारत आणि आपल्या तांदळातली मूठ त्याच्याकडून काढवून घेत. बिचारा संकोचून बोटं आवळायचा. "उघडा ती बोटं! तांदूळ माझे, कंजुषी तुमची कसली?" बाई गरजत. मागे जे उरे त्यात चिमणीचंही भागलं नसतं, पण बाई तेवढ्यावर खूश असत.

संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात परळ पेटलं, तेव्हा बाईंच्या दारात मलमपट्टीचं बाकडं पडलं. एकदा त्यावर डोकं फुटलेला एक शिपाई आणि त्याच्या लाठीने हात सुजलेला एक सत्याग्रही शेजारी शेजारी बसले होते. पट्टी एकच उरली होती. बाईंनी ती मधोमध फाडली आणि एकाची पट्टी बांधून होईपर्यंत टोक दुसऱ्याला धरायला लावलं. दोघेही निमूट धरून बसले. बाईंपुढे सरकारचं चालत नव्हतं आणि आंदोलनाचंही.

पण याच बाई कुणाकडून चिमूटभर काही घेतील तर शपथ. चहा विचारावा तर "आत्ताच झाला." गणपतीत आम्ही दिलेले मोदक त्या आमच्या डोळ्यांदेखत पुढच्या दारी पोचते करत. आम्ही त्याला त्यांचा मोठेपणा समजत होतो.

पुढे पैलवान सत्याग्रहात पकडला गेला. त्यात संप, वर संचारबंदी, दुकानं बंद. त्याची बायको, आमची वहिनी, दोन लेकरांना घेऊन दार लोटून बसली. दोन दिवस तिची चूल पेटली नव्हती, हे साऱ्या मजल्याला ठाऊक होतं. आमच्या हिने पीठ नेलं, ते वहिनीने परत पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मेट्रनबाई तो मुठीचा डबा घेऊनच निघाल्या. मी गॅलरीत उभा होतो. म्हटलं, आता वहिनीची काय बिशाद!

"हे घे, आणि भात टाक," बाईंनी हुकूम सोडला.

वहिनी उंबऱ्यातच उभी राहिली. "बाई, तुमी आजून कोणाकडे घोटभर च्या तरी घेतलात? मगे मी कशाक घेऊ?"

मेट्रनबाई डबा घेऊन तशाच परत फिरल्या, आपलं दार लावून घेतलं. प्रार्थना करत होत्या की रडत होत्या, कोण जाणे. मला मात्र वहिनीच्या खोलीतून मुलांची किरकिर ऐकू येत होती आणि काही सुचत नव्हतं.

थोड्या वेळाने बाई पुन्हा आल्या. या खेपेस हात रिकामे. "मला काहीतरी प्यायला दे गं," त्या हळूच म्हणाल्या.

"च्या नाय, साखर नाय. सोलां आसत."

"चालतील."

बाई पातळ सावरत जमिनीवर बसल्या. वहिनीने आमसुलाच्या पाण्यात मीठ घालून पेला भरून दिला. बाईंनी तो थेंबही न ठेवता संपवला आणि आणखी मागितलं. दुसरा पेला रिकामा झाल्यावर वहिनी आपणहून म्हणाली, "हाडा ते तांदूळ."

तांदळाचा डबा तिला आणून देऊन बाई माझ्यापाशी येऊन थांबल्या. डोळे लाल झाले होते. "देणं सोपं असतं हो," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं मी सोपंच काम करून प्रभूकडून शाबासकी मागत होते."

पैलवान सुटून आला. राज्य झालं, चाळीवर दिवे लागले आणि त्याच वर्षी बाई भाचीकडे नगरला कायमच्या निघाल्या. खाली टॅक्सी उभी होती. "वाटेत खायला काय देता?" त्यांनी सगळ्या मजल्याला खणखणीत आवाजात विचारलं. दारोदारचं जे आलं ते त्यांनी मांडीवर घेतलं, नाही म्हणून म्हटलं नाही. मी धावत वर जाऊन आमची पितळी डबी आणली. तिच्यात लाडू किती भरावेत याचा विचार न करता मी भरलेली ती पहिलीच डबी.

ती परत आली नाही. पुढे बाई गेल्याचं पत्र आलं, त्यातही तिचा उल्लेख नव्हता. आमची ही अजून कधी कधी त्या डबीची आठवण काढते. मला मात्र आमचं काहीतरी त्यांच्याकडे राहिलं, याचंच बरं वाटतं.