एक सही राहिली आहे

आमच्या क्लबच्या सेक्रेटरींइतका खरा माणूस मी अख्ख्या नाशकात पाहिला नाही, आणि इतका डोकं उठवणाराही पाहिला नाही. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातली नोकरी आटोपून हे गृहस्थ मोपेडवरून थेट गंगापूर रोडला, पिठाच्या गिरणीवरच्या आमच्या खोलीत हजर व्हायचे. समाजसेवा आम्ही करायची आणि त्यांनी ती वहीत लिहायची, अशी वाटणी होती. ते सगळं लिहायचे. लावलेल्या झाडांपैकी किती जगली, पाहुण्यांच्या भाषणात कोणाला डुलकी लागली, उपवास सांगून भजी कोणी खाल्ली, काही म्हणून सुटायचं नाही. पुढच्या सभेत हे इतिवृत्त वाचून कायम करायचं. वाचन इतकं लांबायचं की सभेची वेळ त्यातच संपायची, आणि त्याच्या पुढच्या सभेत, मागच्या सभेत काय काय वाचलं गेलं, ते वाचलं जायचं.

याच वहीवरून क्लबचा इतिहास लिहायचा, असं त्यांनी पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. शिवाय ज्याचं बोलणं पानावर आलं, त्याची सही त्या पानावर हवीच. "उद्या कोणी म्हणायला नको, मी असं बोललोच नव्हतो." या सहीपायी ते माणसाचा पिच्छा पुरवायचे. एका सभासदाला त्यांनी त्याच्या मुलीच्या लग्नात गाठलं. मंगलाष्टकं चालू, वधूपित्याच्या मुठीत अक्षता, आणि हे शेजारी वही उघडून उभे! त्या पानावर कुंकवाचा डाग अजून आहे.

मी अध्यक्ष झालो त्या वर्षी माझीही पाळी आली. गंगापूर रोडचे मळे जाऊन तिथे इमारती उठत होत्या. नव्या बागेत क्लबच्या नावाची बाकं ठेवावीत, चार लोकांच्या नजरेत भरावं, असं माझं म्हणणं. सेक्रेटरींना मात्र पेठला, पार डोंगरात, डोळ्यांचं शिबिर घ्यायचं होतं. "तिकडे कोण येणार?" असं मी म्हणालो आणि वर हसलोही. शिबिर झालं, माणसं पाड्यापाड्यांतून चालत आली, पेपरात माझा फोटो छापून आला. महिन्याने हे वही घेऊन माझ्या घरी. पान काढलं, तर पहिल्याच ओळीत, "अध्यक्षांनी विरोध केला. तिकडे कोण येणार, असे म्हणून ते हसले."

"अहो, हे काढा की!"

"बोललात ना तुम्ही?"

"बोललो. पण इतिहासात कशाला?"

"मग कुठे घालू?"

मी वही मिटून त्यांच्या हातात दिली. नंतर ते तीनदा आले, तीनदा मी घरात असून नव्हतो. सही नाही म्हणून ते पान सभेतही कधी वाचलं गेलं नाही. मग ते यायचे थांबले आणि मीही ते विसरून गेलो.

पुढे क्लबचा रौप्यमहोत्सव आला. इतिहास छापायचं काम माझ्याच गळ्यात. छापखान्यात कागद येऊन पडलेला, आणि सेक्रेटरींचं एकच उत्तर, "एक सही राहिली आहे." कोणाची, ते काही सांगेनात. शेवटी भर सभेत माझा तोल गेला. "पंचवीस वर्षांत एक इतिहास लिहून होत नाही तुमच्याच्याने!" ते खाली बघून लिहीत राहिले. मी बोललो तेच लिहीत असणार. इतिहासाविना महोत्सव पार पडला, स्मरणिकेत नुसत्या बिल्डरांच्या जाहिराती. लवकरच त्यांनी पद सोडलं आणि ते निफाडला लेकीकडे राहायला गेले. वही माझ्याकडे आली.

बरेच दिवस रागाने मी ती उघडलीच नाही. उघडली तेव्हा एकाच पानावर पेन्सिलची फुली दिसली, आणि तिच्यापुढे माझं नाव. भर सभेत माझं नाव घ्यायचं त्यांनी टाळलं होतं. मी पान उलटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. मागे लिहिलं होतं, "दुपारी अध्यक्ष स्वतः पेठला आले. रांगेतल्या म्हाताऱ्यांना संध्याकाळपर्यंत पाणी दिले. आपले चुकले असे म्हणाले नाहीत, परंतु कळशी खाली ठेवली नाही." मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन निफाड गाठलं. ते ओट्यावर बसले होते. लेक म्हणाली, "आबा, नाशिकहून तुमचे अध्यक्ष आलेत बघा." त्यांनी माझ्याकडे बघून ओळख नसल्यासारखा नमस्कार केला. "हल्ली माणसं आठवत नाहीत त्यांना," ती हळूच म्हणाली.

मी त्यांच्यासमोर वही उघडून फुलीपाशी सही केली. तारखेशी मात्र हात अडला. त्यांनी वही स्वतःकडे ओढली, सही निरखून पाहिली आणि तिच्याखाली बोट टेकवलं.

"आजची घाला," ते म्हणाले. "मागची चालणार नाही."

मी आजची तारीख घातली.