पळणाऱ्या पोरींचं मीठपाणी

चार पोरी रोज सकाळी एकाच रस्त्यावर पळायला लागल्या की किस्से शोधावे लागत नाहीत, ते घामासारखे आपोआप येतात. आमचा रस्ता तेलगावबाहेरचा. आता इतकं साठलंय की सांगून मोकळं व्हावं. सारिकापासून सुरू करते.

सारिका आमच्यातली सगळ्यात वेगवान. तिचे आईवडील दरसाल दिवाळीनंतर ऊस तोडायला जातात. यंदा पावसाळ्यात सातव्या किलोमीटरला तिच्या पोटरीत गोळा आला, ती रस्त्यातच बसली आणि दूधवाल्यानं मोटारसायकलवर तिला घरी सोडलं. तिच्या वडिलांनी, भगवान आण्णांनी, तिथंच निकाल दिला. "कॉलेजच्या टीमच्या निवडीला धा किलोमीटर न पडता पळून दाखव. पडलीस तर पळणं बास. औंदा आमच्यासंग ट्रकमधी बसायचं."

मी केमिस्ट्रीची बी.एस्सी. मी म्हटलं, "आण्णा, तिच्यात ताकद कमी नाही, घामातून मीठ जातंय."

"कावून? आमी तिला अळणी खाऊ घालतो का?"

मोठ्यांशी बोलायचं म्हणजे हे असं. मी बोलणं सोडलं आणि मीठ मोजायला घेतलं.

*

एक लिटर पाणी, सपाट अर्धा चमचा मीठ, सपाट सहा चमचे साखर, एक लिंबू. चमचा चहाचा. मी हे सारिकाच्या आईला कागदावर लिहून दिलं. मावशी म्हणाल्या, "मिठाला चमचा कशाला? हाताला कळतंय की."

त्यांच्या हाताच्या पहिल्या बाटलीतला एकेक घोट आम्ही चौघींनी घेतला आणि बांधावर थुंकला. उरलेली मावशींनाच प्यायला दिली. त्यांनी शांतपणे घोट गिळला आणि म्हणाल्या, "वरणात बरं लागलं असतं."

*

आमच्या चौघींतल्या वैशालीला साखर पटेना. तिनं गुऱ्हाळाचा गूळ घातला, लिंबू पिळलं आणि बाटली दोन दिवस उन्हात ठेवलेल्या बॅगेत विसरली. तिसऱ्या दिवशी एसटीत गूळ आंबून झाकण असं उडालं की ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. कंडक्टर खाली उतरून सगळी चाकं बघून आला. वैशालीही त्याच्यासोबत वाकून बघत होती.

*

आमचे रिटायर झालेले पीटीचे सर रोज पुलावर बसतात. "पळताना पाणी प्यायचंच नसतं," ते म्हणाले. "आमी जन्मात प्यायलो न्हाई."

मी विचारलं, "सर, मग शर्यतीत चक्कर येऊन पडला होतात म्हणून गाव सांगतं, ते कुठलं मैदान?"

सरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग म्हणाले, "परभणीचं. आण ती बाटली इकडं."

*

घामातून किती पाणी जातं हे कळायला पळण्याआधी आणि नंतर वजन करावं लागतं. भरवशाचा काटा गावात एकच, आडत दुकानातला, सोयाबीनची पोती मोजायचा. सारिका पोत्यांच्या रांगेत उभी राहिली. तासाभरानं परत आली तर किलोभर कमी.

मुनीमजींनी चष्मा वर केला. "पोरी, सकाळी माल ओला आणलता का?"

पण दुसऱ्या दिवसापासून काट्यावर पहिला नंबर सारिकाचा. पोती थांबायची.

*

निवडीच्या आदल्या संध्याकाळी भगवान आण्णा आमच्या दारात. आत येईनात.

"चमचा कसला म्हणलीस? चहाचा का वाढायचा?"

"चहाचा. कुणासाठी हवंय, आण्णा?"

"इचारलं तेवढं सांग."

*

सारिका कितवी आली ते विचारू नका. दहा किलोमीटर तिनं पूर्ण केले. मला सांगायचंय ते आठव्या किलोमीटरचं.

मी स्कूटीवर मागे होते. तिची पोटरी धरलेली मला मागूनच दिसत होती. एक पाय ती अर्धवट टेकवत होती. वळणावर बाभळीखाली आण्णा उभे, हातात बाटली. खिशातून चहाच्या चमच्याचा दांडा बाहेर आलेला. येणार नाही म्हणून घरी सांगितलं होतं त्यांनी.

सारिका थांबली. त्यांनी झाकण काढून दिलं.

"घोट घोट पी. घाई करू नको."

तिनं निम्मी बाटली संपवली. पाय चाचपला. वडिलांकडे न बघता म्हणाली, "आण्णा, पुढं चढ आहे. पडले तर?"

आण्णा झाकण लावत होते.

"पडलीस तर ऊठ की."