दारासमोरची भिंत

पुण्यात भाड्याचं घर शोधायला निघालं की सगळ्यात आधी एक गोष्ट कळते: इथल्या घरमालकांना पुतणे फार. घर बघून होतं, कितीला परवडेल ते बोलून होतं, मग सहज म्हणून आडनाव विचारलं जातं, आणि संध्याकाळी फोन येतो की सॉरी हं, पुतण्याचं अचानक ठरलं, तो इकडेच राहायला येतोय. आडनावाने ज्यांचं भागत नाही ते मूळचे कुठले म्हणून विचारतात. बुलढाणा म्हटलं की, "म्हणजे नागपूरजवळ ना?" नागपूर आम्हालाही लांबच पडतं, पण ते समजावत बसायला वेळ कुणाला आहे? शेवटी शेवटी मी आपणहूनच सांगायला लागले की आम्ही बौद्ध आहोत, म्हणजे पुतण्याला वेळेत कळवता येईल. हे हसून सांगायचे खरी, पण परत येताना डोकं तापलेलं असायचं.

घर मला माझ्या एकटीसाठी नको होतं. माझी सोय एका पीजीत होती. एका खोलीत चार कॉट, एका कपाटात चौघींचे संसार, आणि दारावर छापील सूचना की पालकांनाही मुक्कामास मनाई आहे. घर हवं होतं आईसाठी. बाबा गेल्यापासून ती पिंपळगाव राजाला एकटीच राहत होती आणि उन्हाळ्यात न्हाणीत घसरून पडली. मनगट मोडलं. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं तरी. त्या दिवशी शेजारणीने कढी करायचं ठरवलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार मला लॅबमध्ये लोकांचं रक्त काढताना यायचा आणि समोरचा पेशंट उगाच ओरडायचा. मी घाबरले होते. आईला तिथे एकटीला ठेवायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

फोनवर आई आधी नाहीच म्हणायची. मग एकदा म्हणाली, "येईन मी. पण तुह्ये बाबा बी येतीन."

बाबा म्हणजे बाबांचा फोटो. त्याची हकीकत सांगायला हवी. बाबा भेंडी-वांगी लावायचे आणि खामगावच्या बाजारात नेऊन विकायचे. त्यांनी उभ्या जन्मात कोट घातला नाही, लग्नातसुद्धा नाही. ते गेल्यावर फोटो मोठा करायला दिला तेव्हा स्टुडिओवाल्याने कुणालाही न विचारता त्यांना निळा कोट आणि लाल टाय चढवला. मेल्यावर माणसाला अशी बढती मिळते. वर फ्रेम सागवानी, काच जाड, वजन चांगल्या कलिंगडाएवढं. आमच्याकडे असा फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावतात, म्हणजे येणाऱ्याला आधी घरधनी दिसतो आणि घरधन्याला येणारा. बाबा जिवंतपणी बाजेवर बसून दाराकडे बघत असायचे, फोटोतही तेच काम करत होते. फक्त आता टाय लावून.

मनगट जुळल्यावर आई पुण्याला आली ती एका हातात कपड्यांची पिशवी आणि दुसऱ्या हातात टॉवेलात गुंडाळलेले बाबा घेऊन. माझ्या एका मैत्रिणीकडे तिची दोन-चार दिवसांची सोय केली होती. मला वाटलं, फोटो तिथेच ठेवेल आणि आम्ही दोघी घरं बघू. ती फोटो घेऊनच निघाली.

"आई, याला काऊन घेतलं?"

"याला काय म्हन्तं? बाप हाये तुह्या. त्यायले दाखवल्याबिगर घर ठरवतं काय?"

आमच्या घरात बैल असो की जावई, बाबांनी बघितल्याशिवाय काही ठरलं नव्हतं. मोठ्या ताईच्या नवऱ्याला त्यांनी बैलापेक्षा कमी वेळ बघितला, आणि ते जाणवतंही, पण तो विषय वेगळा.

मग सुरू झाली आमची वरात. पुढे हेल्मेट काखेत मारलेला एजंट, मागे मी, माझ्यामागे आई आणि टॉवेल. घर कसंही असो, आई एकच करायची. दारात उभी राहून समोरची भिंत बघायची, मग टॉवेल सोडून फोटो त्या भिंतीला टेकवून धरायची, आणि मला म्हणायची, "पाह्य बरं, सरका हाये काय? तिरपा त नाही?" घरमालक आधी माझ्याकडे बघायचे, मग एजंटकडे. एजंट छताचा पंखा बघायला लागायचा.

एकाने विचारलं, "आम्ही फॅमिलीलाच देतो. तुमच्यात जेन्ट्स कोण?"

आईने फोटो त्याच्याकडे फिरवला. "हे हायेत ना. दारू नाही, बिडी नाही, रातच्याले उशिरा येनं नाही. पानीबी लागत नाही त्यायले."

त्या गृहस्थाने टायकडे बघून नकळत मान लववली. संध्याकाळी त्याच्याही पुतण्याचं ठरलं.

पण खरी अडचण पुतण्यांची नव्हती. पुतणे नसलेले दोन-तीन मालक भेटले, भाडंही मला झेपणारं होतं. तिथे आईचा प्रश्न आडवा यायचा: "खिळा ठोकू द्यान काय?" आणि पुण्यातला घरमालक एक वेळ किडनी देईल, खिळा ठोकू देणार नाही. भिंत खराब होते म्हणे. ज्या भिंतीला आधीच ओल, तिच्या अब्रूची ही काळजी. एजंटने दुसऱ्या दिवशी चिकटवायचा प्लास्टिकचा हूक आणला आणि म्हणाला, "मावशी, हा घ्या, वजन पेलतो."

आईने तो बोटांत धरून उलटा-सुलटा केला. "याच्यावर टॉवेल वाळत घाल तू."

मी चिडले. भर रस्त्यात म्हणाले, आई, फोटो फ्रिजवर ठेवू, टेबलावर ठेवू, माणसाला राहायला जागा मिळेना आणि तू भिंत बघून राह्यली. ती म्हणाली, "मंग मी जाते वापस. मले तिथं काय कमी हाये?" ते ती रागाने बोलत नव्हती, म्हणून मला जास्त भीती वाटली. तिने परतीच्या गाडीची चौकशीसुद्धा केली होती, तीही एजंटकडे.

शेवटचं म्हणून जे घर बघितलं ते तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट बंद, स्वयंपाकघर एवढं की पोळी लाटायची तर लाटणं तिरकं धरावं लागेल. मालक म्हातारे, एकटेच, तक्रारखोर. आडनाव विचारलं नाही, गावही नाही. त्यांना फक्त मागच्या भाडेकरूबद्दल बोलायचं होतं.

"हे बघा," ते दारासमोरच्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, "पराक्रम! नको नको म्हणत असताना खिळा ठोकला. असा ठोकलाय की निघत नाही. डिपॉझिटमधून कापून घेतलं मी. तुम्ही येण्याआधी गवंडी बोलावून उपटतो, पुट्टी भरून देतो."

आईने एकदा दाराकडे बघितलं, एकदा खिळ्याकडे. मग टॉवेल सोडला, चपला काढल्या, चवड्यांवर उभी राहिली आणि फोटो टांगला. खिळ्याने हूं की चूं केलं नाही. आई मागे सरकून बघत राहिली. मालकही बघत राहिले.

"अहो, अजून आपलं काही बोलणं..."

"त्यायचं झालं," आई म्हणाली आणि खाली फरशीवर बसली. "आता आमचं बोला."

घर मिळालं. करारात मालकांनी घातलं की भिंतीला नवीन खिळा ठोकणार नाही. ते म्हणाले ही अट सगळ्यांनाच असते. आईने मान डोलावली, तिला जुनाच हवा होता.

सामान लावून झालं त्या दिवशी तिने लाटणं तिरकं धरून भाकरीऐवजी पोळ्या केल्या आणि वाकड्या झाल्या म्हणून बाबांकडे मालकांची तक्रार केली. मी तिच्यापाशी बसून एकदाचं बोलून टाकलं, की न्हाणीतल्या त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर होता, तू तिथे एकटी होतीस.

"मी कायची एकटी?" आई म्हणाली आणि लाटण्याने भिंतीकडे दाखवलं. "तिथं दिवसभर आम्ही दोघं तुह्याच गोष्टी करत होतो. चार कॉटायच्या खोलीत एकटी तू होती. म्हून आलो आम्ही."