खाचरांतलं मैदान

माझं लग्न ठरलं तेव्हा विठ्ठलवाडीच्या आमच्या चाळीत बातमी पसरली, की मुलगा गल्फमध्ये आहे. तेव्हा उल्हासनगरच्या गल्लीगल्लीतून कोणी ना कोणी मस्कत-कुवेतला गेलेलं असायचं, त्यामुळे वडिलांनी 'गोल्फ' म्हटलं तरी ऐकणारा 'गल्फ'च ऐकायचा. वडील ज्यांच्या दुकानात शिवणकाम करत, त्या सिंधी शेठनी तर त्यांचा हात हातात घेऊन विचारलं, "दामाद दुबई में है कि मस्कत में?" वडील नुसते हसले. चूक दुरुस्त केली असती तर पुढचा प्रश्न आला असता आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. माझ्या मामाने घरात तो विचारलाच. "खेळतो ते ठीक आहे हो, पण करतो काय?"

हे तेच करायचे. बदलापूरच्या पुढे, बारवीच्या वाटेवरच्या एका वाडीतला जन्म, घरी भाताची शेती. नात्यातले एक जण मुंबईच्या एका क्लबात माळी होते. शाळा सुटल्यावर त्यांच्याबरोबर हे तिथे गेले, साहेबांच्या बॅगा उचलता उचलता खेळ शिकले आणि पुढे परीक्षा देऊन प्रोफेशनल झाले. प्रोफेशनल म्हणजे ज्याचं घर बक्षिसावर चालतं तो.

अंबरनाथ पश्चिमेला आमची एक खोली होती. घरी असले की स्टीलचा पेला आडवा ठेवून त्यात चेंडू ढकलत बसायचे. आमची फरशी मोरीकडे उतरती होती. "उतार वाचायला शिकतोय," म्हणायचे. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटायचं.

स्पर्धा दिल्लीला, कलकत्त्याला, बंगलोरला. चार दिवसांचा खेळ. पण दोन दिवस झाले की मागे पडलेल्यांना घरी पाठवतात. त्याला कट म्हणतात. कट चुकला की हात हलवत परत. एकदा कलकत्त्याला यांचा दुसरा नंबर आला आणि इंग्रजी पेपरात फोटो छापून आला. मी तो गावी घेऊन गेले. सासऱ्यांनी पेपर उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "यात तुजा चेंडू कंचा?" घरभर हशा पिकला. त्या घरात आम्ही सगळे मिळून हसलो, असं मला आठवणारं ते शेवटचंच.

पुढच्या वर्षी यांचं डावं मनगट सुजायला लागलं. प्लास्टर झालं, शेक झाला, एका वैदूने पाला बांधला. सूज गेली, पण हातातला झटका गेला तो गेलाच. कट चुकायला लागले. मग क्लबाने यांना सकाळी मेंबरांना शिकवायला ठेवलं. त्या मेंबरांमध्ये एक बिल्डर होता. तो यांना 'प्रो' म्हणायचा, नावाने हाक त्याने कधी मारली नाही. यांना त्यात मान वाटायचा.

नव्वद साल उलटून गेलं होतं. मुंबईचे लोक बदलापूर-वांगणीकडे जागा बघत फिरायला लागले होते. एका रविवारी हे घरी आले ते चपला न काढताच सांगायला लागले. बिल्डर आपल्या भागात गोल्फचं मैदान काढतोय. क्लबहाऊस, बंगले, सगळं. मैदान हे आखणार, तिथले मुख्य प्रोफेशनल हेच, आणि राहायला घरही तिथेच.

"आणि जमीन कुणाची?" मी विचारलं.

"आपली. काकांची. चुलत भावांची. सगळी लागून आहे ना."

बिल्डरची गाडी वाडीत आली तेव्हा कोणी त्याच्याशी धड बोललं नाही. पण हे बोलले. आपल्यातला मुलगा, पेपरात फोटो आलेला. सासरे ओटीवर बसून म्हणाले, "भात सोडून गवत लावायचा? आन् त्या गवतात बैल पन सोडायचा नाय?"

"बाबा, लोक त्या गवतावर चालायला लांबून लांबून येतात."

"येडे हायत मंग." पण आवाज नरमला होता. दीर म्हणाला, "दादा, तू सांगतोस म्हणून. त्या शेटच्या तोंडाकडे बघून नाय." चुलत भावांचंही तेच.

त्या उन्हाळ्यात मी यांना जितकं खूश बघितलं तितकं आधीही नाही आणि नंतरही नाही. कोरड्या खाचरांतून दिवसभर फिरायचे. बांबूला लाल फडकं बांधून एकेका होलची जागा दाखवायचे. ओढा इथे मध्ये येणार, आंब्याला हात लावायचा नाही, चेंडू त्याला वळसा घालून न्यायचा. भाऊ मागून बांबू घेऊन चालायचे. कागदांवर अंगठे आणि सह्या झाल्या त्या याच दिवसांत.

पावसाळ्यानंतर एका होलभोवतीचं ग्रीन तयार झालं. एकच. गालिच्यासारखं गवत, मध्ये झेंडा. फोटोग्राफर आला. यांना पांढरी टोपी घालून चेंडू मारायला लावलं आणि तो फोटो बिल्डरच्या जाहिरातीवर आला. त्यानंतर जमिनीभोवती कुंपण घातलं गेलं. मग एके दिवशी दीर धावत अंबरनाथला आला. खाचरांत चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. चौकोन, चौकोन, चौकोन. फार्महाऊसचे प्लॉट.

हे बिल्डरच्या ऑफिसात गेले. परत आल्यावर मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले.

"म्हणाला, प्रो, मार्केट बदललं. गोल्फला पाणी किती लागतं ते तुम्हीच सांगितलंत ना?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"खरंच लागतं पाणी," हे म्हणाले.

मैदान करीन असं कागदावर कुठेच नव्हतं. पैसे दिले नाहीत असंही नव्हतं. दिले, त्यांतून दोन चुलत घरांत लग्नं झाली, एकाने टेम्पो घेतला आणि तो वर्षभरात मोडीत काढला. सासऱ्यांनी जन्मात तांदूळ विकत आणला नव्हता. आता बदलापूरच्या दुकानातून पिशवी यायची. ते ताटातला भात बोटांनी चिवडायचे, वास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. यांना एका शब्दाने बोलले नाहीत. दोन वर्षांत गेले. चुलत भाऊ मर्तिकाला आले, पण यांच्या बाजूला कोणी उभं राहिलं नाही.

मला वाटलं होतं, हे क्लब सोडतील. सोडला नाही. तो बिल्डर दर रविवारी शिकायला यायचा आणि हे शिकवायचे. काठी कशी धरायची हे दाखवताना मागे उभं राहून शिकणाऱ्याची दोन्ही मनगटं आपल्या हातांत घ्यावी लागतात.

"त्याचे हात धरता तुम्ही?" मी एकदा ओरडले. "त्याचे?"

"ते माझं काम आहे," हे शांतपणे म्हणाले. "त्याची पकड अजून चुकते."

घर चालवायला मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. संध्याकाळी अंगाला औषधांचा वास यायचा, तो साबणानेही जायचा नाही. त्या वासासकट एका संध्याकाळी जेवायला बसलो असताना मी यांना सरळ विचारलं, "कधी वाईट वाटतं का हो तुम्हाला?"

यांनी घास खाली ठेवला. मला वाटलं, बापाचं नाव घेतील, भावाचं घेतील.

"वाटतं ना," हे म्हणाले. "मैदान फार सुंदर झालं असतं."

त्या वाक्यासाठी मी यांना माफ केलेलं नाही. बिल्डरने फसवलं ते समजू शकते, त्याचा धंदाच तो. पण ज्या माणसाच्या शब्दावर चार घरांनी भात सोडला, त्याला अजून गवतच दिसत होतं. मी ताट उचललं आणि मोरीवर भांडी घासत बसले. हे बाहेर जाऊन उभे राहिले.

दिराचं आमच्याशी बोलणं बंद आहे. तो वांगणीकडे दुसऱ्याच्या शेतावर राहतो. आमच्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका घेऊन मी एकटीच त्याच्याकडे गेले होते. जाऊबाईंनी बसायला चटई टाकली, पाणी दिलं, माझ्या मुलाची चौकशी केली. पत्रिका मात्र घेतली नाही. दीर आतच होता. त्याचा खोकला ऐकू येत होता. मी थोडा वेळ बसले आणि पत्रिका पिशवीत टाकून निघाले.