राहिलेला कोपरा

आमच्या बाबांनी घरात कधी झाडूला हात लावला नाही. जेवताना सांडलेलं ते पायाने हळूच टेबलाखाली सरकवतात आणि वर साळसूद चेहरा करून बसतात. आई म्हणायची, या माणसाला झाडायच्या नोकरीवर ठेवलं तरी कोणी? कारण बाबांची नोकरी तीच आहे. क्लबातली टेनिसची सहा लाल मातीची कोर्टं ते एकतीस वर्षं राखतायत. सकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, आणि प्रत्येक सेट संपला की दाराएवढी जड जाळी मागे ओढत, बाहेरून आत गोल गोल फिरत, पायांचे आणि चेंडूंचे सगळे ठसे पुसून टाकायचे. शेवटी ब्रशने पांढऱ्या पट्ट्या साफ करायच्या. यात घाई केलेली त्यांना खपत नाही. कोणी घाई केली की ते मुद्दाम आणखी हळू चालतात. हे मला पक्कं माहीत आहे, कारण घाई करणारी सहसा मीच असते.

मी त्याच क्लबाच्या ऑफिसात काम करते. वर्षातून एकदा आमच्याकडे बायकांची एकेरीची व्यावसायिक स्पर्धा होते. अगदी खालच्या पायरीची. टीव्हीवाले फिरकत नाहीत, प्रेक्षकांत निम्मे खेळाडूंचे नातेवाईक, आणि मुली स्वतःचे कपडे हॉटेलच्या बेसिनमध्ये धुऊन कोर्टामागच्या तारेवर वाळत घालतात. रेषांवर पंच नसतात, यंत्रं नसतात. उंच खुर्चीवर एकच पंच. चेंडू आत की बाहेर यावर वाद झाला, तर खुर्चीवरून उतरून मातीतला ठसा बघायचा आणि निकाल द्यायचा. त्या आठवड्यात कुठली मॅच कुठल्या कोर्टावर, किती वाजता, हे माझ्याकडे असतं. वेळापत्रक कोलमडलं की माझं डोकं फिरतं, आणि तो राग मी बाबांवर काढते. हक्काचं माणूस दुसरं आहे कोण?

डावखुरी आमच्याकडे येण्याचं हे तिसरं वर्ष. डाव्या हाताने खेळते म्हणून बाबा तिला डावखुरी म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. मॅचच्या आधी ती बाबांच्या सामानाच्या खोलीबाहेर बाकावर येऊन बसायची, कारण तिथे कोणी सल्ले देत नसे.

"काका, गेल्या वर्षी इथे मिळवलेले पॉइंट या सोमवारी जातात," त्या दिवशी ती म्हणाली. "आज ही पहिली फेरी जिंकले नाही, तर क्रमवारीत इतकी खाली जाईन की पुढे कुठे प्रवेशच मिळायचा नाही. घरी सांगून आलेय. नाही जमलं तर ताईच्या दुकानात बसेन."

"तुझा चेहरा बघून गिऱ्हाइकं पळतील," बाबा म्हणाले. "त्यापेक्षा खेळ."

तिने पहिला सेट घालवला, दुसरा जिंकला. तोवर दीड तास झाला होता. सकाळच्या मॅचेस आधीच लांबल्या होत्या, पुढच्या दोघी ऑफिसात येऊन माझं डोकं खात होत्या. दुसरा सेट संपल्यावर बाबा जाळी ओढायला उतरले आणि मी कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. सगळं कोर्ट झालं, आमच्या बाजूचा एक कोपरा राहिला.

"बाबा, पुरे आता."

"तेवढा कोपरा राहिलाय."

"तिथे कोण जातंय? त्या दोघी थांबल्यात. बाहेर या बरं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी मात्र ते हळू चालले नाहीत. मी सगळ्यांच्या देखत बोलले म्हणून असेल. जाळी उचलून ते बाहेर आले.

तिसरा सेट सहा-सहा झाला. टायब्रेकमध्ये डावखुरी पाच-सहा अशी मागे, म्हणजे हा पॉइंट गेला की मॅच गेली. समोरचीचा चेंडू त्याच कोपऱ्यात पडला. डावखुरीने लगेच बोट वर केलं, चेंडू बाहेर होता. पंचबाई उतरून आल्या. डावखुरी एका पुसट ठशाकडे बोट दाखवत होती, पट्टीच्या चांगला दोन बोटं बाहेर. त्याच्या शेजारी दुसरा ठसा होता, ठळक आणि पट्टीला चिकटलेला. पंचबाईंनी तो निवडला. चेंडू आत, मॅच संपली.

तो ठसा दुसऱ्या सेटमधला होता. बाबांना कळलं, मलाही कळलं. ते पाण्याचा पाइप हातात घेऊन दहा पावलांवर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं आणि आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नको म्हणून. खेळ चालू असताना कोर्ट राखणाऱ्या माणसाने बोलायचं नसतं, हा नियम आहे, आणि मी स्वतःला तेव्हा तेच सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. तेवढ्यात दोघींनी हात मिळवले. एकदा हात मिळवले की मग देव खाली आला तरी निकाल बदलत नाही.

तासाभराने डावखुरी सामान घेऊन माझ्या टेबलाशी सही करायला आली. स्पर्धेचे मुख्य अधिकारी शेजारीच कागद चाळत उभे होते. बाबा आत आले. पायातले मातीचे बूट बाहेर काढून, मोज्यांवर.

"चेंडू बाहेर होता," ते तिला म्हणाले. "बाईंनी बघितला तो ठसा जुना. तो कोपरा मी झाडला नव्हता."

तिने सामान खाली ठेवलं. मग म्हणाली, "काका, मी आत्ता पंचबाईंची माफी मागून आले. म्हटलं माझ्याच डोळ्यांची चूक. गेलं वर्षभर सगळे तेच सांगतायत, तुला आता चेंडू नीट दिसत नाही." तिचा आवाज चढला नाही. "तेव्हाच का नाही बोललात?"

"भ्यालो."

"आणि कोपरा? तुमचा कोपरा कसा राहिला?"

"आळस केला," बाबा म्हणाले.

माझ्या हातात पेन होतं. मी ते तिच्यापुढे धरलं, तिने सही केली आणि ती निघून गेली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि बाबांना शांतपणे सांगितलं की उद्यापासून मागची सरावाची दोन कोर्टं बघा, इथे दुसरं कोणी येईल. बाबा बरं म्हणाले.

आम्ही घरी आलो. ते त्यांच्या खुर्चीत बसले. मी पाणी नेऊन दिलं आणि तशीच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि नेहमीप्रमाणे तो मी त्यांच्यावरच काढला.

"आळस केला म्हणून कशाला सांगितलंत? मी घाई केली होती. माझं नाव का नाही घेतलंत?"

बाबांनी ग्लास खाली ठेवला.

"मी कशाला घेऊ?" ते म्हणाले. "तिने विचारलं तेव्हा तू तिथेच तर उभी होतीस."