दाजींच्या गाडीतलं इंजिन

माझे दाजी जाफराबादला प्लॉट विकतात. बोलण्यावर पोट भरणारा माणूस. पण यंत्रातलंही आपल्याला सगळं कळतं, असा समज मोबाइलवरच्या व्हिडिओंनी त्यांचा करून दिला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनी हैदराबादहून एक जुनी, बसकी, दोन दारांची परदेशी स्पोर्ट्स कार आणली. टर्बोची, आणि इंजिन जाम झालेलं. भोकरदन रोडवरच्या माझ्या गॅरेजसमोर ती ट्रकमधून उतरवली आणि म्हणाले, ह्यात त्याच कंपनीचं नव्या मॉडेलचं इंजिन बसवायचं. एका दिवसाचं काम आहे, व्हिडिओत पाह्यलंय.

एका दिवसाच्या कामाला मला अडीच महिने लागले. नवं इंजिन उंच होतं, बॉनेट बंद होईना, आणि खाली घ्यावं तर ऑइलचा चेंबर आडव्या बीमला टेकायचा. मी चेंबर कापून पुन्हा वेल्ड केला, इंजिन ज्यांवर बसतं ते पाय नव्याने बनवले. जुन्या गिअरबॉक्सची भोकं नव्या इंजिनाशी जुळत नव्हती, म्हणून मधली जाड प्लेट जालन्याला लेथवर तीनदा करून घेतली. वायरिंगने तर डोळे गेले. दाजी रविवारी यायचे. बुटांना काळं लागू नये म्हणून लांब उभे राहायचे आणि टर्बोचा आवाज कसा यायला पाहिजे ते तोंडाने काढून दाखवायचे. मी मान डोलवायचो. बहिणीचा नवरा, काय बोलणार?

इंजिन चालू झालं त्या दिवशी मात्र मी सगळं विसरलो. इतकं एकसारखं चालत होतं, की बॉनेटवर हात ठेवून मी कितीतरी वेळ उभा होतो. मग डॅशबोर्डखाली ऑइल प्रेशरचं वेगळं मीटर लावलं आणि दाजींना दोनदा बजावलं, काटा खाली आला की गाडी तिथल्या तिथं बंद करायची.

आठवड्यातच दाजींचा फोन आला. शहागडच्या अलीकडे हायवेवर गाडी बंद पडली होती, आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे माझं काम कच्चं निघालं होतं. मी टेम्पो घेऊन गेलो. दाजी ढाब्यावर दोन मित्रांना मिस्त्री लोक कसे फसवतात ते सांगत होते. मला पाहूनही थांबले नाहीत. मी गाडीखाली शिरलो. मीटरकडे ऑइल नेणारी नळी गायब, आणि इंजिनावरच्या तिच्या भोकात भलत्याच आट्यांचा बोल्ट टेप गुंडाळून घुसवलेला. तो ढिला होऊन सगळं ऑइल रस्त्यावर सांडलं होतं. इंजिन संपलं होतं.

"मीटर कुठंय, दाजी?"

"काढलं मीच. दिसायला बराबर न्हवतं."

मी हात पुसले. "तुम्हाला कुणी सायकलसुद्धा देऊ नये," मी म्हणालो, मित्रांसमोरच.

त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि गाडी भंगारात विकली. मला वाईट वाटलं ते त्या इंजिनाचं. दाजींचं न्हाई, अजूनही न्हाई.

भाऊबीजेला बहीण एकटीच एसटीने आली. ओवाळून झाल्यावर तिने विचारलं, मी खरंच तसं म्हणालो का. मी हो म्हणालो. तिने ताटातली करंजी मोडली.

"मंग बरं केलंस," ती म्हणाली. "आमच्या घरात त्यांना कुणीच काही म्हणत न्हाई."