शेवटच्या गाण्याआधी उठणारा

भट्टीवाला माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या शेजारी निवांत बसायची काही सोय नव्हती. बूड टेकलं न टेकलं तोच हा उठलाच. कुणाकडे गेला की चहा यायच्या आत 'निघतो' म्हणायचा, आणि सिनेमाला गेला तर अर्ध्यातच चपलेत पाय सरकवून बसायचा. "यांच्या पायाला नुसती भिंगरी नाही, मोटर बसवलीय," असं त्याची बायको येईल त्याला सांगायची.

आता त्याचीही बाजू ऐकून घ्या. बेकरी त्याच्या मालकीची, पण मालकी कसली, चाकरीच ती. शहर झोपायला निघालं की याचं पीठ जागं व्हायचं. मळायचं, फुगायला ठेवायचं, भट्टी तापवायची, आणि उजाडायच्या आत गरम पाव फळीवर लागायला हवा. पीठ कुणाची वाट बघत बसत नाही. तुम्ही वेळेवर आला नाहीत तर ते सरळ आंबून बसतं.

या माणसाला आयुष्यात एकच नाद. एक रॉक बँड, चौघांचा. मिसरूड फुटत होतं तेव्हा बेकरीतल्या पिठाने माखलेल्या रेडिओवर त्यांचं गाणं लागलं आणि याचे हात ड्रमच्या ठेक्यावर पीठ मळायला लागले. त्या दिवशी पाव इतका हलका झाला म्हणे, की बापाने न बोलता दुसरा तुकडा तोडला. खरंखोटं तोच जाणे. तेव्हापासून ते चौघे शहरात आले की हा हजर. केस गेले, पोट आलं, नाद काही गेला नाही. बायको वैतागून म्हणायची, "तुमच्या त्या चौघांना सांगून ठेवा, शेवटी खांदा द्यायलाही यायचंय म्हणावं."

पण खरी गोम पुढेच आहे. त्या बँडचं एक गाणं होतं, जे त्यांनी कधीच रेकॉर्ड केलं नाही. दर कार्यक्रमाच्या अगदी शेवटी ते वाजवायचे, समोर असतील त्यांच्यापुरतं. आणि भट्टीवाला दर वेळी त्याच्या आधी उठून भट्टीकडे पळायचा. इतक्या वर्षांत ते गाणं त्याने एकदाही ऐकलं नव्हतं! गिऱ्हाइकं विचारायची, "मग, शेवटचं गाणं कसं झालं?" हा मान हलवून म्हणायचा, "काय सांगू, शब्दच नाहीत." खोटं तरी कुठे बोलत होता बिचारा. अलीकडे लोकांनी फोनवर ते चोरून उतरवून घेतलं होतं. एकाने तर दुकानात थेट त्याच्या कानाशी आणून धरलं. हा दोन्ही कानांवर पिठाचे हात ठेवून मागे सरला. "उष्टं नको मला. ऐकेन तर त्यांच्या तोंडून."

आणि मग जाहीर झालं, की चौघे आता थांबणार. थकले होते. हा शेवटचा कार्यक्रम, यानंतर नाही.

भट्टीवाल्याने ठरवूनच टाकलं, आभाळ कोसळलं तरी या वेळी उठायचं नाही, ते गाणं ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. बेकरी मेहुण्यावर सोपवली, आणि घोळ नको म्हणून त्याला संध्याकाळीच पिठाला लावलं. मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, कामाला वाघ होता, पण महाविसरभोळा. मागे एकदा त्याने मीठच न घालता सगळा पाव भाजून काढला होता. आणि बायकोला बरोबर घेतलं. ती या बँडच्या वाटेला आजवर गेली नव्हती. तिला एकच काम दिलं, "मी उठायला लागलो की शर्ट धरून खाली ओढायचं."

"जन्मभर तेच तर करतेय," ती म्हणाली.

मैदानावर ऊन उतरत होतं. माणसं आपापल्या खुर्च्या शोधत होती. भट्टीवाला सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. खुर्चीच्या डाव्या कडेवर बसून बघितलं, उजव्या कडेवर बसून बघितलं. बाहेर जायचा रस्ता कुठे आहे ते बघून आला. पाणी आणलं आणि प्यायचं विसरला. तेवढ्यात चौघे स्टेजवर आले. नेहमी सुरुवातीलाच ड्रमचा असा दणका उडायचा की छातीत धडकी भरावी. आज तसलं काही नाही. रामराम नाही, श्यामश्याम नाही, एकट्या गिटारवर हळू काहीतरी सुरू झालं.

"मीठ!" भट्टीवाला ताडकन म्हणाला. "मिठाची पिशवी मी बाहेर काढलीच नाही!"

"सापडेल त्याला. बसा."

"कसली सापडतेय! समोरचा हत्ती दिसत नाही त्याला." याने फोन लावलासुद्धा. "हॅलो! अरे, मीठ! मीठ म्हणतोय मी! नाही, पीठ घातलंस ते कळलं, मीठ! मांडणीच्या खाली... खाली रे, वर काय बघतोस!"

पलीकडून मेहुण्याचा आवाज आला, "दाजी, तुमच्याकडे गाणं चाललंय ना? मला काही ऐकू येत नाहीये."

"गाणं मरू दे! मीठ सापडलं का सांग!"

पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते. कमाल आहे, भट्टीवाल्याला वाटलं, रॉकच्या कार्यक्रमाला येऊन माणसाला गप्प बसवतात, आणि आत्तापासूनच रडायला लागलेत. बायकोने बाही ओढली. "अहो, ऐका की जरा. छान आहे."

"ऐकायचंय ते शेवटी आहे," फोनवर हात दाबून तो म्हणाला. "सुरुवातीला असंच काहीतरी किरकोळ लावतात, लोक बसेपर्यंत."

मीठ सापडलं. मग ड्रम कडाडला आणि याची सगळी लाडकी गाणी एकामागून एक आली. ती त्याने ऐकली, पण कशी, तर एक डोळा स्टेजवर आणि एक घड्याळावर. भट्टीची वेळ झाली तसे पाय आपोआप उठले. बायकोने शर्ट ओढला, एक गुंडी तुटली, पण तो बसला. शेजारून लोक सरकून निघाले तरी बसला. गडी हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदा शेवटपर्यंत राहिला.

चौघांनी वाद्यं खाली ठेवली, हातात हात घेतले आणि वाकले.

"अरे, शेवटचं राहिलं!" भट्टीवाला ओरडला. आजूबाजूला कुणीच ओरडत नव्हतं. सगळे नुसते टाळ्या वाजवत होते. त्याला काही कळेना.

मग गायक माइकजवळ आला. "इतकी वर्षं तुमच्यातले कितीतरी जण शेवटच्या गाण्याआधी उठून जायचे," तो म्हणाला. "आम्हाला वरून दिसायचं. आधी राग यायचा. मग कळलं, कुणाची बस चुकत असेल, कुणाची रात्रपाळी असेल, कुणाचं लेकरू घरी वाट बघत असेल. त्यांनी ते कधी ऐकलंच नाही. म्हणून आज आम्ही सुरुवात त्यानेच केली. ते त्यांचं होतं. चला, येतो आम्ही."

दिवे लागले. लोक उठून चालायला लागले. भट्टीवाला मात्र खुर्चीतच राहिला, आणि या वेळी त्याला कुणी धरून ठेवलं नव्हतं. खूप वेळाने त्याने बायकोकडे बघितलं.

"ते पहिलं," तो म्हणाला. "ते तू ऐकलंस?"

"ऐकलं की."

"कसं होतं?"

तिने इकडेतिकडे बघितलं. पुढच्या रांगांमधून सफाईवाले रिकामे पेले गोळा करत होते. मग ती लाजत लाजत, बेसूर, एक ओळ गुणगुणली. थोडी थांबली, दुसरी आठवली, तीही गुणगुणली. भट्टीवाल्याने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचंही त्याला भान नव्हतं.

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढचं नाही मला ऐकू आलं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही मीठ-मीठ ओरडत होतात ना."

"मग तेवढंच," तो म्हणाला, "तेवढंच परत म्हण."